बास पकडताना आमिष कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो हुकला की पहिला आळ आमिषाच्या रंगावर येतो. खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. आमिष तळावर सरपटतंय असं गळ टाकणाऱ्याला वाटत असतं, आणि ते प्रत्यक्षात तळापासून मीटरभर वर पोहत परत येत असतं. तळाशी दबा धरून बसलेला बास दरवेळी वर उठून येत नाही. म्हणून इथे रॉडपासून बोटीपर्यंत प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर तपासली आहे: तिच्यामुळे आमिषाची जागा हाताला कळते की नाही. त्यासाठी नरम प्लॅस्टिकचं गांडूळ हे सगळ्यांत चांगलं शिक्षक आहे. १९४९ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी ते तयार केलं, आणि आजही नवशिक्याने पहिलं आमिष हेच घ्यावं.

मासा बसतो कुठे

आधी पाण्याचं तापमान बघा. १० अंश सेल्सिअसच्या खाली बास सुस्त असतो. खोल पाण्याला लागून असलेल्या उभ्या कडांपाशी तो थांबतो आणि आमिषामागे धावत नाही. १० ते १५ अंशांच्या दरम्यान तो उथळ पाण्याकडे सरकू लागतो. साधारण १६ ते २१ अंशांत विणीचा हंगाम येतो. नर अर्धा ते दीड मीटर पाण्यात, टणक तळावर, शेपटीने गाळ झाडून गोल, उथळ घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. त्या नराला उचललं की ब्लूगिलसारखे छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून घरट्यावरचा मासा सोडून पुढे जावं हे आमचं स्पष्ट मत आहे, त्या ठिकाणचा नियम परवानगी देत असला तरीही.

उन्हाळ्यात बासची दोन टोकं होतात. काही मासे पाणवनस्पतींच्या दाट सावलीत घुसतात. बाकीचे ४ ते ८ मीटर खोलीवरच्या पाण्याखालच्या सोंडा, टेकाडं आणि बुडालेल्या जुन्या नदीपात्रांच्या कडा धरतात. डोंगराची सोंड उतरत उतरत तलावात शिरते, तीच पाण्याखाली पुढे जाते. काठावर उभं राहून उतार कुठल्या दिशेने पाण्यात गेलाय ते बघितलं तरी निम्मा नकाशा कळतो. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, आणि सुपीक तलावात खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो. ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर हा सांधा आडव्या धूसर पट्ट्यासारखा दिसतो. पट्टा ६ मीटरवर असेल तर ९ मीटरवर गळ टाकण्यात अर्थ नाही. पानगळीच्या दिवसांत पाणी निवायला लागलं की छोट्या माशांचे थवे तलावाच्या अरुंद फाट्यांच्या आतल्या टोकांकडे सरकतात, आणि बास त्यांच्या मागोमाग जातो.

या सगळ्यात शोधायची खरी जागा म्हणजे बदल: जिथे गाळ संपून खडी सुरू होते, वनस्पतींची भिंत तुटते, सरळ कडा अचानक वळते. एकसारख्या तळावर मासे विखुरलेले असतात. बदलावर ते गोळा होतात. हा बदल पाण्याखाली असतो, म्हणून तो हातानेच वाचावा लागतो.

रॉड आणि रील

गांडुळासाठी ७ फुटी, मीडियम हेवी ताकदीचा, फास्ट अ‍ॅक्शनचा एक रॉड पुरतो. फास्ट म्हणजे फक्त वरचा एक-चतुर्थांश भाग वाकतो आणि खालचा दांडा ताठ राहतो. टोक मऊ असल्यामुळे खडीची टकटक कळते, आणि ताठ दांड्यामुळे प्लॅस्टिकमधून गळ बाहेर काढून माशाच्या जबड्यात रुतवता येतो. अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड क्रँकबेटसाठी, म्हणजे ओढलं की बुडी मारणाऱ्या कठीण आमिषासाठी, चांगला, पण गांडुळासाठी नाही. हिसक्यातलं निम्मं बळ तो स्वतःच गिळतो.

बेटकास्टिंग रील घ्या, गिअर गुणोत्तर ७:१ च्या आसपासचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला दोऱ्याची रीळ सात वेळा फिरते. वेग लागतो तो आमिष ओढायला नाही, ढील गोळा करायला. मासा आमिष घेऊन बोटीकडे पोहत आला तर सावकाश रीलवर ती ढील गोळाच होत नाही.

नवीन रील हातात आला की तलावावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात तो लावून घ्या. नेहमीच्या वजनाचं आमिष बांधा, रॉड समोर आडवा धरा आणि बटण दाबा. आमिष सावकाश खाली गेलं पाहिजे, आणि जमिनीला टेकलं की स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली रीळ, एखाद्या वेढ्यात थांबला पाहिजे. तसं होईपर्यंत बाजूची गोल कळ पिळत राहा. मग ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून फेकायला सुरुवात करा, आणि हात बसत जाईल तसा एकेक घर कमी करा. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर आला पाहिजे. गुंता होतो तो इथेच: आमिष थांबतं, स्पूल फिरत राहतो. वाऱ्याविरुद्ध फेकताना आमिष हवेतच मंदावतं, तेव्हा ब्रेक दोन घरं वाढवा.

गुंता झालाच तर हिसडे मारू नका. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, अंगठा काढा आणि दोरा हळूच बाहेर ओढा. अडलं तर पुन्हा तेच करा. बहुतेक गुंते असे सुटतात. सुटल्यावर दोऱ्याला कुठे पांढरी कड पडली आहे का ते बघा. पडली असेल तर तिथपर्यंतचा दोरा कापून टाका, कारण तो पुढच्या मोठ्या माशाला तिथेच तुटणार.

ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा सुटू देणारा रीलचा अडसर, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवा. १५ पौंडी दोऱ्याला ४ ते ५ पौंड. हा अंदाज नुसतं हाताने ओढून लागत नाही. काट्याचा तराजू दोऱ्याला अडकवून एकदा मोजा.

दोरा आणि गाठ

मोकळ्या पाण्यात गांडुळासाठी १५ पौंडी फ्लुरोकार्बन वापरा. तो पाण्यात बुडतो, त्यामुळे रॉडचं टोक आणि आमिष यांच्यात कमान कमी पडते. मोनोफिलामेंट, म्हणजे साधा एकपदरी नायलॉनचा दोरा, जास्त ताणला जातो, आणि २५ मीटरवरची बारीक टकटक त्या ताणात विरून जाते. पृष्ठभागावरच्या आमिषाला मात्र मोनोच बरा. दाट वनस्पतींत ५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, घ्या. तो ताणला जात नाही आणि देठ कापत जातो. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळला तर पूर्ण गुंडाळा घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. आधी मोनोचे आठ-दहा वेढे द्या. स्पूल काठोकाठ भरू नका, काठापासून २ ते ३ मिलिमीटर खाली थांबा.

गाठ पॅलोमार. १५ सेंटिमीटर दोरा दुहेरी करा आणि त्याचा वळसा गळाच्या नेढ्यातून ओवा. दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, वळशातून पूर्ण गळ बाहेर काढा, गाठ ओली करा आणि मूळ दोरा व शेपूट दोन्ही धरून सावकाश आवळा. चुका दोनच होतात. कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन भाजतो, आणि गाठीच्या वर केसासारखी मुरड दिसते. दुसरी चूक म्हणजे दुहेरी दोऱ्याचे पदर एकमेकांवर चढतात. ताण आला की वरचा पदर खालच्याला कापतो. या दोन्हींतलं काहीही दिसलं तर गाठ कापून नव्याने बांधा. खडकाळ तळावर दर दहा-पंधरा फेकींनंतर दोऱ्याचा शेवटचा मीटरभर भाग ओठांतून किंवा नखावरून सरकवून बघा. खरखर लागली की कापा. मोठे मासे तुटून जातात ते बहुतेक याच एका मीटरात.

टेक्सास रिग

रिग म्हणजे गळ, वजन आणि आमिष यांची जुळणी. सामान थोडंच लागतं: गोळीच्या आकाराचं आरपार भोकाचं वजन, नेढ्याजवळ मुरड असलेला ३/० किंवा ४/० ऑफसेट गळ, आणि ७ इंची गांडूळ.

वजनाचं निमुळतं टोक रॉडकडे येईल असं ते दोऱ्यात ओवा आणि गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध ५ ते ६ मिलिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढा. गांडूळ दांड्यावरून वर सरकवून डोकं मुरडीवर बसवा आणि गळ अर्धा फिरवून टोक शरीराकडे आणा. आता गांडूळ सरळ लोंबू द्या आणि गळाची वाकण त्याच्या अंगावर नेमकी कुठे येते ते नखाने खूण करा. तिथून टोक आरपार काढा, आणि बाहेर आलेलं टोक पाठीच्या कातडीत जेमतेम लपेल इतकंच पुन्हा टोचा.

नखाची ती खूण वगळली की गांडूळ वाकडं बसतं. वाकडं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं, दोऱ्याला पीळ चढतो आणि मासा तोंड फिरवतो. बोटीच्या कडेला एकदा पाण्यातून ओढून बघा. फिरत असेल तर काढून पुन्हा बसवा.

वजनाचा नियम असा: तळ हाताला कळेल इतकं, पण त्याहून जास्त नाही. वारा नसताना ३ मीटरपर्यंत ३.५ ते ५ ग्रॅम, ३ ते ६ मीटरला ७ ते १० ग्रॅम, त्याहून खोल किंवा वारा असेल तर १४ ग्रॅम. जास्त वजनाने आमिष दगडासारखं पडतं, आणि खाली पडताना मिळणारे चावे जातात. कमी वजनाने ते तळालाच लागत नाही. टंगस्टन महाग पडतं, पण तेवढ्याच ग्रॅमचं शिशाचं वजन आकाराने मोठं आणि मऊ असतं. टंगस्टन कठीण असल्यामुळे खडी आणि गाळ यांतला फरक हाताला स्वच्छ कळतो. पैसे कुठे घालायचे हा प्रश्न असेल तर महागड्या रॉडआधी टंगस्टन वजनांवर घाला. वनस्पतींत वजन गळापासून वेगळं होऊन अडकतं, तिथे ते रबरी अडसराने गळाला चिकटवून ठेवा. मोकळ्या तळावर ते सुटंच बरं.

फेकल्यानंतरची दहा सेकंदं

आमिष पाण्यात पडलं की रील बंद करून ताण धरू नका. दोरा ताणलेला असेल तर आमिष झोक्यासारखं बोटीकडे येत खाली जातं आणि तुम्ही हेरलेल्या जागेपासून कित्येक मीटर अलीकडे टेकतं. हाताने दोरा सोडत राहा, म्हणजे ते सरळ खाली जाईल. पतंगाला देतो तशी ढील, पण नजरेखाली. दोरा पाण्यात शिरतो तिथे बघत आकडे मोजा. आमिष टेकलं की दोरा अचानक सैल पडतो. समजा पहिल्या फेकीत आठ मोजल्यावर टेकलं. पुढच्या फेकीत त्याच जागी पाचलाच दोरा सैल पडला, तर एक तर खाली ओंडका किंवा टेकाड आहे, नाही तर माशाने ते पडता पडता झेललं. दोरा आडवा सरकू लागला तर तो मासाच. अशा वेळी हाताला काहीच जाणवत नाही, चावा फक्त डोळ्याला दिसतो.

मग आमिष हलवायचं ते रॉडने, रीलने नाही. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर रॉड नऊवरून अकराकडे सावकाश न्या, आमिष सरपटू द्या, रॉड परत नऊवर आणता आणता तेवढीच ढील गुंडाळा आणि दोन ते पाच सेकंद थांबा. रीलने ओढलं की आमिष प्रत्येक फेऱ्याला ७० सेंटिमीटर पळतं, तळ सोडतं आणि हाताला फक्त हँडलची घरघर कळते.

स्पर्शांची भाषा अशी. गाळात आमिष जड आणि मुकं वाटतं. खडीत टकटक लागते. शिंपल्यांवर ती किरकिरीत आणि बारीक होते. वनस्पतींत स्पंजासारखी ओढ येते आणि झटक्याने सुटते. लाकडावर दोरा हळूहळू जड होत जातो, मग आमिष पलीकडे पडतं. लाकडावरून आमिष पलीकडे पडलं की तिथेच थांबा, कारण चावा बहुतेक तेव्हाच येतो. मासा कधी ‘ठक्’ असा एकच ठोका देतो, कधी दोनदा टोचतो, आणि कधी फक्त वजन नाहीसं होतं. सगळ्यांत फसवी ही तिसरी खूण. आमिष हाताला लागेनासं झालं याचा अर्थ कोणीतरी ते उचललं आहे.

खूण पटली की रॉड खाली, ढील गोळा, आणि मग एकच लांब, जोरदार हिसका. ढील असताना हिसका मारला तर सगळं बळ दोरा सरळ करण्यात जातं. गळ जेमतेम ओठाला लागतो आणि बोटीजवळची पहिली उडी मारताना मासा सुटतो. याउलट, थांबून आकडे मोजत बसलात तर बास गळ घशापर्यंत नेतो. तसा गळ ओढून काढू नका. दिसत असेल तर लांब पकडीने तो मागे फिरवून सोडवा, नाही तर दोरा जवळून कापा.

बाकीची आमिषं

कॅरोलिना रिग मोठ्या सपाट भागावर तळ शोधायला उत्तम. २१ ग्रॅमचं वजन, त्यामागे मणी, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग ६० ते ९० सेंटिमीटर दोरा आणि गळ. जड वजन तळावर ओरखडे काढत येतं, आणि हलकं आमिष मागून तरंगत येतं. ड्रॉप शॉट उभ्या मासेमारीसाठी: ६ ते ८ पौंडी दोरा, १ किंवा १/० नंबरचा गळ पॅलोमारने बांधायचा, शेपूट पुन्हा नेढ्यातून वरून खाली ओवायचं, आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खाली ७ ग्रॅमचं वजन लावायचं. यासाठी स्पिनिंग रील घ्या. इथे आमिष हलवायचं नसतं, थरथरवायचं असतं, आणि वजन तळावरून उठता कामा नये.

क्रँकबेट निवडताना पाण्याच्या खोलीपेक्षा अर्धा मीटर जास्त बुडी मारणारा घ्या, म्हणजे तो दगडांवर आपटत येईल. आपटून तिरका उडतो त्या क्षणी चावा येतो. दोरा जाड असेल तर तो कमी खोल जातो. स्पिनरबेट गढूळ पाण्यात आणि वाऱ्यात चालतं, आणि त्याची पाती फिरताना रॉडच्या टोकाला थरथर जाणवते. थरथर थांबली की पात्यात काडी अडकली आहे किंवा मासा लागला आहे. दोन्ही वेळा हिसका द्यायला हरकत नाही.

प्लॅस्टिकची गांडुळं मूळ पाकिटातच ठेवा. वेगवेगळ्या प्रकारचं प्लॅस्टिक एकत्र ठेवलं की ते विरघळून चिकट लगदा होतो, आणि रंगवलेल्या आमिषांचा रंगही खातो.

बोट

फायबरग्लासच्या १८ ते २१ फुटी बास बोटी वेगवान आणि ऐसपैस असतात. पण मासा वेगाने मिळत नाही. मध्यम तलावासाठी १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची सपाट तळाची बोट, पुढे उभं राहायला फळी आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बोट हळू सरकवणारी आणि जागेवर धरणारी विजेची ट्रोलिंग मोटर एवढं पुरेसं आहे. कायाकसुद्धा उत्तम चालते, फक्त वाऱ्यात ती जागेवर राहत नाही.

ट्रोलिंग मोटर हे आमच्या मते बोटीवरचं सगळ्यांत महत्त्वाचं यंत्र आहे, मुख्य इंजिनाहूनही. कारण साधं आहे. बोट आमिषाकडे सरकली की ढील पडते आणि चावा कळत नाही. बोट लांब सरकली की आमिष जागेवरून ओढलं जातं. बोट जागेवर नसेल तर वर सांगितलेलं सगळं वाया जातं.

मोटरची ताकद काढायचा ठोकताळा असा: माणसं, बॅटऱ्या आणि इंधन धरून दर १०० पौंडांना किमान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर. भरलेली बोट ७०० किलोची, म्हणजे सुमारे १५४० पौंडांची असेल तर ३१ पौंड निघतात. हा आकडा शांत पाण्याचा आहे. वाऱ्यासाठी ५५ पौंडांची १२ व्होल्टची मोटर घ्या. त्याहून मोठ्या बोटींना २४ व्होल्टवर ८० किंवा ३६ व्होल्टवर ११२ पौंडांच्या मोटरी येतात. दांड्याची लांबी अशी हवी की पंखा पृष्ठभागाखाली किमान ३० सेंटिमीटर राहील. आखूड दांड्याने लाटेवर पंखा हवा ओढतो आणि त्याच्या खळखळाटाने उथळातले मासे पांगतात.

५५ पौंडी मोटर पूर्ण वेगाने सुमारे ५० अँपिअर घेते. १०० अँपिअर-तासांची डीप सायकल (पुन्हा पुन्हा बरीच उतरवता येणारी) शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे पूर्ण वेगाने जेमतेम तासभर मिळतो. मंद वेगाने १० ते १५ अँपिअर लागतात आणि तीन ते पाच तास निघतात. गाडी सुरू करायची बॅटरी इथे चालत नाही. अशा खोल उतार-चढावाने तिच्या पट्ट्या लवकर मरतात. बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर लावा आणि तार ६ गेजची घ्या. मोटर अर्ध्या दिवसात दमते असं वाटलं तर बॅटरी बदलण्याआधी तिच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा गंजाचा थर घासून नट आवळा.

जागेवर थांबताना नाळ वाऱ्याकडे ठेवा. वारा मागून घेतला तर बोट कायम भरकटते आणि मोटरची चालू-बंद सुरू राहते. दोन छोटे झटके देण्यापेक्षा मंद, अखंड वेग चांगला, कारण आवाज बदलला की मासे बिचकतात. वारा आडवा असेल तर फेकल्याबरोबर रॉडचं टोक पाण्याजवळ न्या, म्हणजे दोऱ्याचं पोट फुगणार नाही.

नांगर टाकायचाच असेल तर खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडा आणि तो नाळेलाच बांधा. मागे, इंजिनाजवळ कधीही बांधू नका. तिथला काठ बुटका असतो. लाट आली की ताणलेला दोर मागची बाजू खाली खेचतो आणि बोटीत पाणी शिरतं.

सोनार वाचताना

साधारण २० अंशांचा शंकू असलेला सोनार ६ मीटर खोलीवर फक्त २ मीटर व्यासाचं वर्तुळ बघतो. पडद्यावर दिसतं ते एवढंच. उजवी कड सोडली तर बाकीचं सगळं चित्र मागे गेलेल्या पाण्याचं असतं. सेन्सर मागे लावला असेल तर तुम्ही नाळेवर उभे असताना ते टेकाड तुमच्यापासून पाच मीटर मागे आहे. शक्य असेल तर दुसरा सेन्सर ट्रोलिंग मोटरलाच लावा.

टणक तळ जाड, ठळक पट्टा देतो आणि त्याखाली दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ उमटवतो. गाळाचा पट्टा बारीक आणि पुसट दिसतो. माशाची कमान बोट किंवा मासा हलत असेल तरच उमटते. दोन्ही स्थिर असले तर लांब रेघ दिसते.

सोंड तपासताना ताशी ५-६ किलोमीटर वेगाने तिच्यावरून नागमोडी जा. टणक पट्टा, छोट्या माशांचा ढग किंवा अचानक चढ दिसला की जीपीएसवर खूण करा. मग २० ते २५ मीटर लांब जाऊन तिथून फेका. २ मीटरपेक्षा उथळ जागेवरून मात्र इंजिन नेऊच नका. खोलातून उथळाकडे, म्हणजे चढावर ओढलं तर आमिष तळ सोडत नाही, पण दगडांत जास्त अडकतं. उथळातून खोलाकडे ओढताना अडकतं कमी, मात्र प्रत्येक थांब्याला थोडा दोरा सोडावा लागतो. नाही तर उतार खाली जातो आणि आमिष अधांतरी राहतं. मासा मिळाला की तीच दिशा, तोच कोन धरून पुन्हा फेका.

आमिष अडकलं तर ओढून आणखी रुतवू नका. बोट पलीकडच्या बाजूला न्या. बहुतेक वेळा ते उलट दिशेने सुटतं. नाही सुटलं तर दोरा ताणून धनुष्याच्या दोरीसारखा टणत्कारा. ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. तो हाताचं बोट कापतो. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा.

निघण्याआधी आणि मासा हातात आल्यावर

बोट पाण्यात ढकलण्याआधी तळाचं बूच लावलंय का ते हाताने चाचपा. जीवरक्षक जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. इंजिन चालू असताना ते बंद करणाऱ्या खटक्याची दोरी अंगाला अडकवा. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान, ३ अश्वशक्ती किंवा जास्त इंजिनाच्या वेगात धावणाऱ्या बोटींवर ती वापरणं संघीय कायद्याने बंधनकारक आहे. कायदा नसता तरी ती लावावीच. माणूस बाहेर फेकला गेला की मोकळी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. परवाना, लांबीची मर्यादा आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात हे प्रत्येक पाण्याचं वेगळं असतं, ते आदल्या दिवशी वाचून ठेवा.

मासा धरण्याआधी हात ओले करा. खालचा जबडा अंगठ्याने धरून लहान मासा उभा लोंबवला तर चालतो. दीड-दोन किलोच्या वरचा मासा जबड्यावर आडवा तोलू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, नाही तर जबड्याचा सांधा निखळतो आणि सोडलेला मासा पुढे खाऊ शकत नाही. मोजमाप आणि फोटो अर्ध्या मिनिटात उरका. वजन करायचंच असेल तर ओल्या जाळीच्या पिशवीत करा. विक्रमाचं वजन किती बारकाईने बघतात याचं उदाहरण लार्जमाउथचंच आहे. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात पकडलेला मासा २२ पौंड ४ औंसांचा होता. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांना त्याहून औंसभर जड मासा मिळाला. पण जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघांचीही नोंद बरोबरीची झाली.

पकडून सोडण्याची सवय स्पर्धांमध्ये रुजली ती बास स्पर्धांचे अमेरिकी संयोजक रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेमुळे, आणि बोटीतल्या हवा खेळवणाऱ्या टाकीमुळे. टाकी वापरत असाल तर उन्हाळ्यात पंप सतत चालू ठेवा. बर्फ टाकून पाणी गार करताना तलावापेक्षा ५ अंशांहून जास्त फरक पडू देऊ नका. खोल पाण्यातून पटकन वर आणलेल्या माशाचं पोट फुगतं आणि तो आडवा तरंगतो. असा मासा टाकीत ठेवू नका. गळ काढून लगेच, डोकं खाली करून जोराने पाण्यात सोडा, म्हणजे तो स्वतःच्या बळावर खोलात जातो. तलावात ८-१० मीटरवर मासे मिळत असतील आणि ते सोडायचे असतील, तर जागाच बदलावी.

परतताना बोट काठावर घेतल्याबरोबर बूच काढा, टाकीतलं आणि तळातलं सगळं पाणी तिथेच सांडा, मोटरच्या पंख्यावरचे आणि ट्रेलरवरचे वनस्पतींचे तुकडे काढा. उपद्रवी झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती ओलाव्यातून दुसऱ्या तलावात जातात. म्हणून दुसऱ्या पाण्यात जाण्याआधी बोट पूर्ण वाळू द्या. ट्रोलिंग मोटरच्या पंख्यामागे दोऱ्याचे तुकडे गुंडाळले जातात आणि तेलाचं सील कापतात. खिळ काढून तिथे बघायला दोन मिनिटं लागतात. शेवटी रीलचा ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चिकटत नाहीत.